आधी अंदाज, मग आकडेमोड: पहिल्या वर्षाचं फिजिक्स कसं शिकायचं

बारावी सायन्स झाली, एफ.वाय.बी.एस्सी.ला किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. धडा वाचताना सगळं समजतं, पण गणित सोडवायला बसलं की पेन जागचा हलत नाही. अशी मुलंमुली दर वर्षी माझ्या वर्गात येतात. अमळनेर, धरणगाव, पारोळ्याच्या खेड्यांतली, बहुतेक मराठी माध्यमातली, त्यातली कितीतरी रोज रेल्वेनं नाहीतर एस.टी.नं अपडाऊन करणारी. हुशारीत कुणीच कमी नाही. अडतं ते एकाच ठिकाणी. गणित वाचून होण्याआधीच त्यांचा हात सूत्राकडे जातो. बारावीनं आणि सीईटीनं तीच सवय लावलेली असते: सूत्र आठव, आकडे टाक, पर्याय निवड, पुढे चल. विद्यापीठाच्या पातळीवर ही सवय मोडावीच लागते. ती मोडण्यासाठी मी मुलांकडून जे करून घेते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

मुख्य नियम एकच आहे. कुठल्याही गणिताला हात घालण्याआधी वहीत तीन ओळी लिहायच्या. इथे काय घडतंय, पुढे काय होईल असं मला वाटतं, आणि उत्तर साधारण किती यावं. घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच लिहा. "आते काय व्हई?" हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय कॅल्क्युलेटर उघडायचा नाही. अंदाज चुकला तरी हरकत नाही, पण तो लिहिलेला हवा. मनातला अंदाज उत्तर आल्यावर हळूच बदलतो आणि "मला हेच वाटलं होतं" असं आपण म्हणून मोकळे होतो. कागदावरचा अंदाज तसा बदलत नाही, आणि शिकायला मिळतं ते त्या तफावतीतूनच.

विहिरीवरचं गणित

पुस्तकातलं जुनं गणित घ्या: विहिरीत दगड सोडला, २.५ सेकंदांनी पाण्याचा आवाज ऐकू आला, तर पाणी किती खोल? आधी अंदाज लिहा. शेतकऱ्याच्या घरच्या मुलांना विहिरीची खोली फुटांत ठाऊक असते, म्हणून फुटांत लिहिला तरी चालेल. कुणी साठ फूट लिहितं, कुणी दीडशे.

आता सूत्र. अर्धा गुणिले जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) गुणिले वेळेचा वर्ग. म्हणजे अर्धा गुणिले ९.८ गुणिले ६.२५, उत्तर ३०.६ मीटर, साधारण शंभर फूट. बारावीत इथे चौकट आखून पुढचं गणित घेतलं असतं. आपण इथून पुढे खरं फिजिक्स सुरू करायचं.

घड्याळ थांबवलं ते आवाज ऐकल्यावर. आवाजाला वर यायलाही वेळ लागतो. आपल्याकडच्या उबदार हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे तीस मीटर चढायला त्याला ०.०९ सेकंद लागतात. तेवढा वेळ वजा केला तर दगड फक्त २.४१ सेकंद पडत होता आणि खोली येते २८.५ मीटर. पण खोली कमी झाली म्हणजे आवाजाचा वेळही थोडा कमी झाला. नव्या खोलीनं तोच हिशोब परत करा, मग आणखी एकदा करा. उत्तर २८.६ आणि २८.७ मीटरच्या मध्ये स्थिरावतं. पहिल्या उत्तरात पुरुषभर उंचीहून जास्त फरक पडला. वर्गसमीकरण मांडूनही हेच मिळतं, पण मी आधी हा फेऱ्यांचा मार्ग शिकवते. कुठली गोष्ट किती फरक पाडते ते त्यात डोळ्यांना दिसतं.

मग विचारायचं की स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याचं काय? अंगठा ०.१ सेकंद उशिरा दाबला गेला तरी, तेव्हा दगडाचा वेग सेकंदाला चोवीस मीटरच्या घरात असल्यानं, खोलीत सुमारे २.४ मीटरचा फरक पडतो. आवाजासाठी एवढी काळजी घेतली, तेवढीच गडबड अंगठा एकटा करतो. म्हणून वाचन एकदाच घेऊन भागत नाही, पाचसहा वेळा दगड सोडून सरासरी काढायची. आणि उत्तर २८.६५३ मीटर असं लिहायचं नाही. दशांशापुढचे आकडे कॅल्क्युलेटरनं दिले, विहिरीनं नाही दिले.

हे प्रत्यक्ष करून बघाच. पण कठडा नसलेल्या विहिरीवर वाकायचं नाही, मोटार काढायला कुणी खाली उतरलंय का ते आधी बघायचं, आणि मालकाला विचारूनच दगड टाकायचा.

त्याच विहिरीवर शक्तीचा धडाही होतो. पाच एच.पी.ची मोटार, एक एच.पी. म्हणजे ७४६ वॅट, एकूण ३७३० वॅट. एक लिटर पाणी तीस मीटर वर आणायला १ गुणिले ९.८ गुणिले ३०, म्हणजे २९४ जूल लागतात. भागाकार करा, सेकंदाला साडेबारा लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी यायला हवं. दोनशे लिटरचा ड्रम सोळा सेकंदांत भरला पाहिजे. माझ्या एका विद्यार्थ्यानं मळ्यात मोजलं तर ड्रमला तीस सेकंदांच्या आसपास लागले. म्हणजे निम्म्याहून जरा जास्तच शक्ती पाणी उचलण्याच्या कामी आली. उरलेली पंपाच्या आत, पाइपातल्या घर्षणात आणि वळणांत गेली. एच.पी.चा आकडा मोटारीच्या दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचा असतो, वीज त्याहून जास्त ओढली जाते, हेही त्यानं नंतर मीटर बघून काढलं. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम त्याला आता पाठ करावा लागत नाही.

न्यूटनला सगळ्यात जास्त वेळ द्या

पहिल्या सत्राचा वेळ सारखा वाटू नका. एककं आणि सदिश आठवडाभरात उरका, गतीची समीकरणं अकरावीपर्यंत झालेलीच असतात. न्यूटनच्या तीन नियमांवर मात्र महिना गेला तरी जाऊ द्या. पुढचं सगळं, ऊर्जा, संवेग, दोलन, अगदी विद्युतक्षेत्रातला इलेक्ट्रॉनसुद्धा, तिथूनच निघतं. हे नियम तोंडपाठ असलेली मुलं बहुतेकदा हा धडा सोडून देतात, आणि तोच त्यांना वर्षभर छळतो.

मी बैलगाडी घेते. बैलजोडी गाडीला जेवढ्या बलानं पुढे ओढते, तेवढ्याच बलानं गाडी बैलांना मागे ओढते. तिसरा नियम तसंच सांगतो. मग गाडी पुढे जातेच कशी? वर्गात हा प्रश्न टाकला की शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, बैलांचा जोर जास्त असतो. तसं नाही. दोन्ही बलं अगदी समान आहेत.

कोरं पान घ्या. पानाच्या डाव्या बाजूला फक्त बैलजोडी काढा, उजवीकडे फक्त गाडी. सुंदर चित्र नको, दोन चौकोन पुरेत. आता गाडीच्या चौकोनावर फक्त गाडीवर लागणारी बलं दाखवा. जू पुढे ओढतं, चाकांचा आणि वाटेचा रोध मागे. बस. कापूस भरलेली गाडी ८०० किलो, रोध ४०० न्यूटन, आणि गाडीला सेकंद-वर्गाला ०.२५ मीटर त्वरण हवंय असं धरा. त्वरणासाठी ८०० गुणिले ०.२५, म्हणजे २०० न्यूटन, आणि रोधाचे ४००. म्हणजे जू ६०० न्यूटननं ओढतं.

आता डावा चौकोन. बैलांवर जू ६०० न्यूटननं मागे ओढतंय. पुढे कोण ढकलतंय? जमीन. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. जोडीचं वस्तुमानही ८०० किलो धरलं तर तिच्या स्वतःच्या त्वरणाला २०० न्यूटन लागतात, म्हणजे जमिनीनं ८०० न्यूटन द्यायला हवेत. पडताळा घ्या. गाडी आणि बैल मिळून १६०० किलो, बाहेरून पुढे ८००, मागे ४००, उरले ४००. भागिले १६००, पुन्हा ०.२५. जुळलं.

दोन समान आणि विरुद्ध बलं एकमेकांना मारत नाहीत, कारण ती एका वस्तूवर लागतच नाहीत. एक गाडीवर आहे, एक बैलांवर. दोन वेगळे चौकोन काढले की हे आपोआप दिसतं, आणि एकाच चित्रात सगळे बाण कोंबले की कधीच दिसत नाही. पहिल्या पावसानंतर काळ्या जमिनीत तीच जोडी तीच गाडी का ओढू शकत नाही, तेही याच चित्रातून सांगता येतं. बैलांचा जोर तेवढाच आहे, पण निसरड्या चिखलात खुराला घर्षण मिळत नाही, म्हणून जमीन ८०० न्यूटन देऊ शकत नाही. शिवाय चाकं रुततात, रोधही वाढतो. मोकळ्या वस्तूचं हे चित्र (फ्री-बॉडी डायग्राम) प्रत्येक गणिताला काढायचं, सोपं वाटलं तरी काढायचं. मी तपासताना आधी चित्र बघते, आकडे नंतर.

दुसरा गैरसमज याहून चिवट आहे: चालत राहायला बल लागतंच. अपडाऊन करणाऱ्यांना तो गाडीतच घालवता येतो. अर्ध्या मीटरचा दोरा घ्या, टोकाला किल्ली बांधा आणि डब्यातल्या सामानाच्या फळीला टांगा. गाडी स्टेशनातून सुटण्याआधी अंदाज लिहा: सुटताना किल्ली कुठे जाईल, आणि गाडी भरधाव असताना कुठे असेल? गाडी सुटते, किल्ली मागे जाते. पट्टीनं मोजा. दीड सेंटीमीटर मागे गेली तर त्वरण म्हणजे जी गुणिले दीड भागिले पन्नास, साधारण ०.२९. याच त्वरणानं गाडी ताशी ६० किलोमीटरला पोचायला मिनिटभर लागेल. घड्याळ लावून बघा. बहुधा जास्त लागतो, कारण वेग वाढतो तसं त्वरण कमी होतं, आणि तेही दोऱ्याच्या कमी होत जाणाऱ्या कलावरून दिसतं. मग गाडी सरळ रुळावर एकाच वेगानं पळू लागते आणि दोरा सरळ खाली. इंजिन ओढतंय, पण डब्यावरचं एकूण बल शून्य आहे, ओढ आणि रोध बरोबरीचे झालेत. बऱ्याच मुलांनी भरधाव गाडीसाठीही किल्ली मागेच काढलेली असते. पहिला नियम खरा समजतो तो इथे.

दोरा हलत राहतो, रीडिंग पक्कं मिळत नाही असं वाटलं तर फोनवर फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठानं ते केलं आहे आणि फोनमधल्या त्वरणमापकाचा आलेख ते सरळ दाखवतं. पण आधी दोरा, नंतर ॲप. आलेखातली रेघ नेमकी कशाची आहे ते दोऱ्यानं कळतं.

गणिताची तयारी

मॅथ्स कच्चं आहे म्हणून फिजिक्स जमत नाही, असं निम्मा वर्ग मला सांगतो. पहिल्या सत्राला लागणारं गणित फार थोडं आहे. आलेखाचा चढ म्हणजे बदलाचा दर, आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे साठत गेलेली बेरीज, एवढं पक्कं झालं की डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची भीती निम्मी जाते. त्याच रेल्वे प्रवासाचा वेग-वेळ आलेख हातानं काढा. चढाव म्हणजे त्वरण, खालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. चौकटी मोजून अंतर काढा आणि दोन स्टेशनांमधल्या अंतराशी ताडून बघा. याशिवाय सदिशाचे घटक पाडणं, दहाचे घात, आणि चिन्हांची शिस्त. धन दिशा कुठली ते गणिताच्या पहिल्या ओळीत बाणानं दाखवायचं आणि शेवटपर्यंत बदलायचं नाही.

गणित आपल्या भागाला परकं आहे असं तर कुणी म्हणूच नये. चाळीसगावजवळ पाटण्याला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. पाटणादेवीला सहल गेलीत तर त्याबद्दल मुद्दाम विचारा.

प्रॅक्टिकल खरं करा

साध्या दोलकाचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो आणि सगळ्यांचं उत्तर ९.८१ आलेलं असतं. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवण्याची पद्धत मला मनापासून दुखते, कारण त्या दोन तासांत मिळण्यासारखं खूप काही हातचं जातं. ९.८१ हे जीचं सर्वत्र लागू पडणारं मूल्य नाही. विषुववृत्ताकडे ते कमी होतं, ध्रुवांकडे वाढतं. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर आहोत, इथे जी ९.७९ च्या जवळ आहे.

तुमच्या प्रयोगात तो फरक दिसेल का? हिशोब करून बघा. एक मीटरचा दोलक, वीस आंदोलनं, सुमारे ४० सेकंद. अंगठ्याची चूक ०.२ सेकंद धरली तर वेळेत अर्धा टक्का. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, म्हणून जीमध्ये एक टक्का, म्हणजे ०.१. तेव्हा ९.७ किंवा ९.८ आणि पुढे अधिक-उणे ०.१ असं लिहिणाऱ्यानं उत्तम प्रयोग केला. ९.८१ आणि ९.७९ मधला फरक ओळखायला आंदोलनं वीस नाही, शेकड्यानं मोजावी लागतील. लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा, झोका लहान ठेवा, दहा अंशांच्या आत. मोजायला सुरुवात गोळा मधून जाताना करा, टोकाला असताना नाही. मध्ये तो सगळ्यात वेगात असतो, त्यामुळे तो क्षण नेमका पकडता येतो. चुकलेलं रीडिंग खोडू नका, एक रेघ मारा आणि बाजूला कारण लिहा. तोंडी परीक्षेत त्याच रेघेवरून चांगलं बोलता येतं.

रोजचा अभ्यास

रोज दोन गणितं पुरेत, पण पूर्ण. तीन ओळी, चित्र, अक्षरांत मांडणी, एककांची पडताळणी, शेवटी आकडे. अक्षरांत सोडवायचं म्हणजे आकडे अगदी शेवटच्या ओळीत टाकायचे. तसं केलं की विहीर दुप्पट खोल असती तर काय, हे नवीन गणित न करता सांगता येतं. एककं जुळली नाहीत तर उत्तर चूक, वेगळी तपासणी नको. सोडवलेलं उदाहरण वाचताना उत्तर कागदानं झाका, एकेक ओळ उघडा, आणि प्रत्येक ओळीआधी पुढची ओळ स्वतः लिहून बघा.

अडलात तर वीस मिनिटं अडून राहा. मग उत्तर बघू नका, मित्राला फोन लावा आणि आकडे न सांगता फक्त काय घडतंय ते सांगा. मराठीत, अहिराणीत, जसं येईल तसं. सांगता सांगता जिथे अडखळता, तीच तुमची अडचण. इंग्रजी पुस्तकाची भाषा जड वाटते ती पहिले दोन महिने. तोवर तोच धडा बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकातून वाचून घ्या, ते त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. परीक्षेत लिहायची इंग्रजी वाक्यं मोजकीच असतात, ती लिहून लिहून बसतात. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्सही मोफत आहेत, काही मराठीतही आहेत. सर्किटचं सिम्युलेशन जरूर वापरा. तिथेही बटण दाबण्याआधी अंदाज लिहायचाच.

व्हिडिओ लेक्चरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बघताना समाधान फार मिळतं, हाताला काही येत नाही. दहा मिनिटं बघा, बंद करा, बघितलेलं कोऱ्या पानावर मांडा. नाही मांडता आलं तर तीच दहा मिनिटं परत.

घूर्णन गती (रोटेशनल मोशन) सगळ्यांना जड जाते. तिथे सायकलचं चाक हातात घेतल्याशिवाय बसू नका. प्रकाश आणि वीज त्यामानानं लवकर जमतात. उष्णतेला मात्र आपल्याकडचा उन्हाळा हीच प्रयोगशाळा. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा माठातलं पाणी गार कसं राहतं? पाण्याच्या बाष्पीभवनाला किलोमागे सुमारे २४ लाख जूल लागतात. माठातून शंभर ग्रॅम पाणी उडालं आणि ती सगळी उष्णता आतल्या दहा लिटर पाण्यातून गेली, तर ते साडेपाच अंशांहून थोडं जास्त गार होईल. प्रत्यक्षात बाहेरची गरम हवाही माठाला उष्णता देत असते, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजा.

पुढचं गणित तुमच्यावर सोडते. मे महिन्यात खोली गारेगार करणारा कूलर जुलैत नुसतीच दमट हवा का फेकतो? आधी तीन ओळी लिहा. मग सापेक्ष आर्द्रतेचा धडा उघडा, आणि दोन थर्मामीटर मिळाले तर एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून दोन्हींची रीडिंग्ज मे आणि जुलै, दोन्ही महिन्यांत दुपारी दोन वाजता घ्या.